पीए व्हायचंय? आधी खांद्याची गोष्ट ऐका

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. शाळेच्या कॅफेटेरियात कामाला, मोठाली पातेली उचलायची रोजची सवय. "काल रात्रीपासून डावा खांदा आणि पाठीचा वरचा भाग ठणकतोय, डोळ्याला डोळा नाही," म्हणाल्या. मी अमेरिकेत पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, व्हायला शिकत होते. विभागवार प्रत्यक्ष काम शिकायचं त्याला रोटेशन म्हणतात; इमर्जन्सी रोटेशनचा माझा तिसरा दिवस होता. खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं. खांदा म्हणजे माझं माहेर. सांगली-मिरजेत पाच वर्षं फिजिओथेरपी केलेली, कितीतरी आखडलेले खांदे या हातांखालून गेलेले.

हात वर नेला, मागे नेला, आत-बाहेर फिरवला. पूर्ण फिरला, कुठे अडला नाही. दाबून पाहिलं, कळ आली नाही. मी ऐटीत प्रिसेप्टरकडे, म्हणजे मला काम शिकवणाऱ्या वरिष्ठांकडे, गेले. त्या वीस वर्षं मुरलेल्या पीए. मी पाठ केल्यासारखं म्हटलं, "अठ्ठावन्न वर्षांची महिला, डायबेटिस, जड उचलण्याचं काम, ट्रॅपिझियसचा, मान-खांद्याच्या स्नायूचा, स्ट्रेन वाटतोय. आयब्युप्रोफेन आणि शेक."

त्यांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "कुठली हालचाल केली की दुखतं?"

"कुठलीच नाही."

"दाबल्यावर?"

"नाही."

"मग तो खांदा कसा काय?"

ट्रायाजमध्ये, म्हणजे आल्याआल्या पेशंटची नोंद होते तिथे, तक्रार 'खांदादुखी' अशी लिहिली गेली होती, म्हणून ईसीजी निघालाच नव्हता. छातीत दुखतंय असं लिहिलं असतं तर आल्यापासून दहा मिनिटांत निघाला असता. आता काढला. ईसीजीच्या लीड टू, थ्री आणि एव्हीएफ या ओळींमध्ये एसटी नावाचा भाग वर चढलेला, टूपेक्षा थ्रीमध्ये जास्त. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, आणि बहुधा उजवी रक्तवाहिनी बंद. नर्सने नायट्रोग्लिसरीन हातात घेतलं होतं. प्रिसेप्टरने तिला थांबवलं आणि छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावून पुन्हा ईसीजी काढायला सांगितला. उजवं वेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पाही, अटॅकच्या तडाख्यात आला होता. अशा वेळी हृदय मागून परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालतं. नायट्रोग्लिसरीन शिरा सैल करतं, परतणारं रक्त घटतं आणि बीपी धाडकन कोसळतं. बाईंना ती गोळी न देता सलाइन दिलं आणि कॅथ लॅबला, म्हणजे बंद रक्तवाहिनी उघडतात तिथे, पाठवलं. दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद वाहिनी उघडायची असं तिथलं गणित असतं. त्यातली बरीचशी मिनिटं माझ्या ट्रॅपिझियसने खाल्ली होती.

बाई वाचल्या. मी मात्र त्या रात्री घरी येऊन वहीचं पहिलं पान फाडलं. त्यावर मी रोगांची यादी करायला घेतली होती, अवयवाप्रमाणे, पुस्तकातल्या क्रमाने. नव्या पानावर लिहिलं, "खांदा दुखतोय." आणि खाली, ज्याने आज रात्री जीव जाऊ शकतो अशा गोष्टी.

मला अधूनमधून मराठी मुलींचे, आणि आता मुलांचेही, मेसेज येतात. कुणी बीपीटी, कुणी बीएचएमएस, कुणी बी.फार्म. बऱ्याचजणी नवऱ्याच्या नोकरीमागून अमेरिकेत आलेल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "ताई, पीएला काय काय यायला लागतं?" हे सगळं त्यांच्यासाठी.

थोडं आधीचं, भराभर

फिजिशियन असिस्टंट हे नाव ऐकून घरच्यांना वाटतं डॉक्टरची बॅग धरणारा माणूस. माझ्या सासूबाईंना तर अजून तसंच वाटतं. प्रत्यक्षात पीए पेशंट तपासतो, चाचण्या सांगतो, निदान करतो आणि ५० च्या ५० राज्यांत औषधं लिहितो. डॉक्टरशी त्याचं नातं कसं असावं, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार कोअरमनना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. युद्धात मलमपट्टीपासून सगळं केलेली माणसं, पण नागरी आयुष्यात त्या कौशल्याला नाव नव्हतं. २०२१ मध्ये आम्हा पीएंच्या संघटनेने नाव बदलून 'फिजिशियन असोसिएट' करायचं ठरवलं. वाद अजून चालू आहेत, त्यात पडू नका.

अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचा. पहिला भाग वर्गात, दुसरा रोटेशनचा: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, इमर्जन्सी, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आरोग्य. त्याआधी दोन डोंगर असतात. एक म्हणजे भारतातले विषय बऱ्याच कॉलेजांना चालत नाहीत, त्यामुळे अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात पुन्हा करावे लागतात. अ‍ॅनाटॉमी दुसऱ्यांदा शिकताना मला अपमान वाटला होता. नंतर कळलं, पहिल्यांदा मी ती फक्त हाडा-स्नायूंपुरती शिकले होते. दुसरा डोंगर म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या कामाचे तास, बहुतेक ठिकाणी हजाराच्या पुढे. २०१५ मध्ये एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या, लोकांपैकी काहींना काम करायची परवानगी मिळायला लागली म्हणून माझं निभावलं. मी एका दवाखान्यात मेडिकल असिस्टंट होते. बीपी घ्यायचं, वजन घ्यायचं, औषधांची यादी टाइप करायची. ते काम कमी लेखू नका. पुढे काय काय उपयोगी पडलं ते येईलच.

वहीची पानं

पुस्तक 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' (हार्ट अटॅक) असं मथळ्यात लिहून खाली लक्षणं देतं. पेशंट उलट्या बाजूने येतो. तो लक्षण घेऊन येतो, मथळा त्याला माहीत नसतो. म्हणून माझी वही तक्रारींची आहे. छातीत दुखणं, दम लागणं, पोट दुखणं, डोकं दुखणं, चक्कर, पाठ, ताप, पाय सुजणं. अशी वीसेक पानं झाली की तीन चतुर्थांश दिवस पार पडतो.

छातीच्या पानावर सहा गोष्टी आहेत. हार्ट अटॅक, फुप्फुसातली गुठळी, महाधमनीची आतून फाटलेली भिंत, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा कोंडून पडणारा दाब), हृदयाभोवती साचलेलं पाणी किंवा रक्त, आणि उलट्या करता करता फाटलेली अन्ननलिका. रोजच्या छातीदुखीत यातलं काहीच नसतं. असते ती अ‍ॅसिडिटी, फासळ्यांचा सांधा किंवा घाबरणं. पण आधी सहाच्या सहा मनात एकेक करून खोडायच्या आणि मगच अ‍ॅसिडिटी म्हणायचं. खोडायचं म्हणजे प्रत्येकाला सीटी स्कॅन नव्हे. कधी एक प्रश्न पुरतो. दुखणं एका क्षणात, फाडल्यासारखं सुरू झालं का? दोन्ही हातांचं बीपी सारखं आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलाय का?

आणि 'दुखतंय का' असं विचारू नका. कॅफेटेरियातल्या बाईंना मी नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छातीत दुखत नव्हतं हो, फक्त जड वाटत होतं." आपली मंडळी 'गॅस झालाय' म्हणतात, 'भरून आल्यासारखं वाटतंय' म्हणतात. बायका, वयस्कर माणसं आणि डायबेटिसवाले यांच्यात तर नुसता दम, मळमळ किंवा थकवा एवढंच असू शकतं. "छातीत कसं वाटतंय?" असं मोकळं विचारा.

पाठीच्या पानावर माझा जुना धंदा कामाला आला, पण उलट्या अर्थाने. शंभरातल्या बहुतेक पाठी स्नायूंच्याच असतात, म्हणून मी सैल होते. आता कितीही साधी पाठ असली तरी एक प्रश्न चुकवत नाही: लघवी नेहमीसारखी होते का, आणि संडासला गेल्यावर पुसताना तिथे स्पर्श जाणवतो का? विचारायला लाज वाटते. पहिल्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पण मणक्याच्या शेपटाशी नसांचा जुडगा दाबला गेला असेल तर तो याच प्रश्नात सापडतो, आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो.

पोटाच्या पानावर वरच्या ओळीत लाल शाईने लिहिलंय, मूल होण्याच्या वयाच्या प्रत्येक बाईची प्रेग्नन्सी टेस्ट. 'शक्यच नाही' हे उत्तर ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि टेस्ट करायचीच. गर्भ नळीत अडकून नळी फुटली तर आत होणारा रक्तस्राव बाहेर दिसत नाही. दुसरी ओळ, साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखडा झालेला सिगारेटवाला माणूस. कंबरेतून कळ, घाम, बेचैनी, सगळं चित्र खड्याचं. आत कधीकधी फुगलेली महाधमनी निघते. तिसरी ओळ लिहायला मला सगळ्यात जड गेली: पोट दुखतंय म्हणणाऱ्या किशोरवयीन मुलाची चड्डी उतरवून तपासा. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. पंधरा वर्षांचा मुलगा आईसमोर आणि मराठी ताईसमोर ते सांगत नाही, तो 'पोट' म्हणतो. आईला नम्रपणे बाहेर बसवायचं, नर्सला सोबत घ्यायचं आणि तपासायचं. संकोच त्याला असतो तितकाच आपल्याला असतो, पण पगार आपल्याला मिळतो.

श्वास मोजा

चार्टमध्ये डोकावून पाहा. अख्ख्या वॉर्डातल्या लोकांचा श्वास मिनिटाला १६ किंवा १८ असतो. मेडिकल असिस्टंट असताना मीही तेच टाइप करायचे, कारण कुणीच मोजत नाही. बाकी आकडे मशीन देतं, श्वास डोळ्यांनी मोजावा लागतो. पण शरीर बिघडायला लागलं की सगळ्यात आधी तोच आकडा हलतो. हाताची नाडी बघतोय असं दाखवून तीस सेकंद छातीकडे बघा. पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो.

नाडीवर आंधळा विश्वास नको. एका सत्तर वर्षांच्या आजोबांना न्यूमोनिया होता, ताप नाही, नाडी ७८. सगळं शांत. श्वास मात्र २८. औषधांच्या यादीत नाडी मंद ठेवणारं मेटोप्रोलॉल होतं, म्हणजे नाडीला वर जायची परवानगीच नव्हती. म्हाताऱ्या शरीराला तापही येतोच असं नाही. लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, वाढलेलं निघालं. सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीर बिघडतं त्याचा, क्रम मग हातात बसला: आधी ब्लड कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना), लगेच अँटिबायोटिक, बीपी पडलं किंवा लॅक्टेट फार वर असेल तर किलोमागे ३० मिली सलाइन. कल्चर मिळत नाही म्हणून अँटिबायोटिक मात्र ताटकळत ठेवायचं नाही.

हल्ली एक नवा सापळा आहे. एम्पाग्लिफ्लोझिन आणि त्याची भावंडं, म्हणजे लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, घेणारा डायबेटिसचा पेशंट उलट्या करत येतो. साखर १८०, म्हणून कुणी काळजी करत नाही. पण श्वास खोल आणि जलद असतो. साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी करणारा कीटोॲसिडोसिस होऊ शकतो आणि तो पकडून देतो पुन्हा तोच न मोजलेला आकडा.

घरी सोडण्याआधी व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप) पुन्हा घ्या. नाडी ११८ असताना "बरं वाटतंय" म्हणून निघालेला पेशंट माझ्या झोपेत येतो.

एकादशी आणि अडतीस

आता एक गोष्ट जी अमेरिकन वर्गात कुणी शिकवणार नाही. शेजारच्या घरी कोल्हापूरहून वडील आले होते, व्हिजिटर व्हिसावर, वय बहात्तर. आषाढी एकादशी. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मग दिवसभर नुसता चहा. गोळ्या मात्र शिस्तीत घेतल्या. संध्याकाळी जीभ जड झाली, उजवा हात उचलेना. मुलाने मला हाक मारली आणि ९११ ला फोन केला. मी पोचेपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले होते. त्यांनी बोट टोचलं, साखर ३८.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्याच वेळात उजवा हात हलायला लागला. काकांनी पहिलं विचारलं, आरती झाली का. म्हणून प्रत्येक स्ट्रोकमध्ये सगळ्यात आधी साखर बघतात. गुठळी विरघळवायचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि ती घाई असतानाही ग्लुकोमीटरला दहा सेकंद द्यायचेच.

पण शिकण्यासारखं पुढेच आहे. काका ठणठणीत दिसायला लागले, मुलगा म्हणाला घरी नेतो, व्हिजिटर इन्शुरन्सचं काय होईल कुणास ठाऊक. ड्युटीवरच्या डॉक्टरांना गोळीचं नाव कळेना, 'ग्लायकोमेट जीपी' त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. मी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर साखर सहसा एवढी पडत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा अंमल तासन्‌तास उरतो. किडनी थोडी थकलेली असेल तर आणखी जास्त. दिलेलं ग्लुकोज संपलं की साखर पुन्हा घसरते. काकांना रात्रभर ठेवलं. पहाटेपर्यंत साखर आणखी दोनदा पडली. घरी नेलं असतं तर ती झोपेत पडली असती.

मराठी येणाऱ्या पीएला इथे एक जबाबदारी आपोआप मिळते. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, हे तुमच्याइतकं पटकन कुणाला कळणार नाही. सोबत आणलेली भस्मंही विचारा. काहींमध्ये शिसं असतं, आणि न उलगडणारी पोटदुखी नि अ‍ॅनिमिया तिथे उलगडू शकतो. आणि बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाला सूट देऊ नका. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये बीएमआय २३ पासूनच डायबेटिसची तपासणी करायला सांगतात, इतरांसाठी तो आकडा २५ आहे.

औषधं आणि किडनी

औषधशास्त्र मला सगळ्यात रुक्ष वाटायचं. आता वाटतं, पीएच्या रोजच्या कामात निदानापेक्षा जास्त चुका इथेच होऊ शकतात.

गुडघेदुखीचे एक गृहस्थ. बीपीसाठी लिसिनोप्रिल आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. गुडघ्यासाठी किराणा दुकानातून आणलेलं आयब्युप्रोफेन, म्हणजे ॲडव्हिल, दिवसाला चार-पाच. यादीत ॲडव्हिल नव्हतंच, कारण 'ते काय औषध आहे का'. तिन्ही गोष्टी तीन बाजूंनी किडनीतला गाळण्याचा दाब घटवतात. त्यात दोन दिवस जुलाब झाले आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी साफ करते तो पदार्थ) तिप्पट. मी आता असं विचारते: "डॉक्टरने न लिहून दिलेलं काय घेता? दुखलं तर काय घेता? झोप नाही आली तर?" आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगते. मेडिकल असिस्टंट असताना यादी टाइप करायचे त्याचं चीज इथे झालं.

दुसरं, क्रिएटिनिन नॉर्मल दिसणं. ब्याऐंशी वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.१. लॅबने हिरवा रंग दाखवला. हाताने हिशेब करा: १४० वजा ८२ म्हणजे ५८, गुणिले ४५, भागिले ७२ गुणिले १.१, आणि बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर २८ येतं. म्हणजे त्यांची किडनी मिनिटाला २८ मिलीच साफ करते. लघवीच्या इन्फेक्शनसाठी सवयीने लिहिलं जाणारं नायट्रोफ्युरँटॉइन त्यांना द्यायचं नाही, रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस बदलायचा. स्नायूच उरले नाहीत तर क्रिएटिनिन येणार कुठून?

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवरच्या माणसाला बॅक्ट्रिम हे अँटिबायोटिक लिहिताना हात थांबला पाहिजे, आयएनआर उसळतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं. पोटॅशियम ६.८ असेल आणि ईसीजी बदललेला असेल तर आधी कॅल्शियम, मग इन्शुलिन-ग्लुकोज. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदय सांभाळतं. हा फरक तोंडी परीक्षेत मला सांगता आला नव्हता आणि अख्ख्या गटासमोर माझी शोभा झाली होती.

मुलांच्या बाबतीत एकच हट्ट धरा, वजन किलोत. पौंडांच्या देशात वजनकाटा २२ दाखवतो आणि कुणीतरी २२ किलो समजतं. मूल असतं दहा किलोचं. किलोला १५ मिलिग्रॅमने टायलेनॉल (पॅरासिटामॉल) १५० मिलिग्रॅम व्हायला हवं ते ३३० होतं. भारतात शिकल्याचा हा आपला फुकटचा फायदा, किलो आपल्या अंगात असतात. आणि २१ दिवसांपर्यंतच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर ते कितीही गोड हसत असो, त्याची पूर्ण तपासणी होते, मणक्यातल्या पाण्यासकट. तिथे अनुभवी माणूसही अंदाज करत नाही.

घरात बंदूक आहे का

मानसिक आरोग्याचं रोटेशन मी सोपं समजले होते. नैराश्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, नववा मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही लिहिलेलं असेल तर कागद बाजूला ठेवून समोर बसायचं. स्पष्ट विचारल्याने डोक्यात विचार भरतो असं आपल्याकडे समजतात, तसं होत नाही. आणि पुढचा प्रश्न असतो, "घरात बंदूक आहे का? कुठे ठेवता? किल्ली कुणाकडे असते?" सांगलीच्या ओपीडीत आयुष्यात न विचारलेला प्रश्न. पहिल्यांदा मी तो इतक्या हळू विचारला की पेशंट म्हणाला, "काय?" दुसऱ्यांदा मोठ्याने विचारला. त्याच्याकडे दोन होत्या. त्याच दिवशी त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांसाठीच्या मदतीचा नंबर २०२२ पासून देशभर चालतो, तो माझ्या प्रत्येक अशा पेशंटच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह होतो.

व्यसनांबद्दल एवढंच: २०२३ पासून अफूवर्गीय औषधांचं व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला वेगळ्या परवान्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे 'हे आपलं काम नाही' म्हणायची सोय गेली. शिकून घ्या.

परीक्षा आणि फोन

शेवटी पॅन्स ही पीएची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच गठ्ठे, प्रत्येकाला एक तास. गुण २०० ते ८०० मध्ये मोजतात, ३५० ला पास. सगळ्यात मोठा वाटा हृदयाचा. मी रोज पाच ईसीजी वाचायचे, स्वयंपाक करताना फ्रिजवर चिकटवून. पास झाल्यावरही दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

पण परीक्षेत न येणारं एक काम आहे, डॉक्टरला फोन करणं. नवखे पीए दोनच चुका करतात, फारच लवकर करतात किंवा फारच उशिरा. त्यातली पहिली चूक माफ आहे. फोनवर आपण गोष्ट सांगायला बसतो, सकाळी काय झालं, मग काय झालं. पलीकडचा माणूस झोपेतून उठलेला असतो. पहिल्या वाक्यात मागणी हवी: "मला तुम्ही येऊन बघायला हवं आहात, साठ वर्षांचे गृहस्थ, बीपी ८६ आणि पोट लाकडासारखं." बाकीचं तो विचारतो. निदान माहीत नसलं तरी चालतं. "मला हे बरोबर वाटत नाहीये" हे वाक्य इंग्रजीत न अडखळता म्हणायची मी आरशासमोर प्रॅक्टिस केली होती.

माझ्या पहिल्या नोकरीत एका सर्जनने असा फोन झाल्यावर मला भर वॉर्डात सुनावलं होतं, एवढ्यासाठी उठवलंस म्हणून. पेशंटला खरंच काही झालेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी त्याच माणसाला पुन्हा उठवलं. त्या वेळी तो पंधरा मिनिटांत पोचला आणि सुनावायला त्याला वेळ नव्हता.

आता दर आषाढीच्या आदल्या दिवशी आमच्या कम्युनिटीच्या ग्रुपवर माझा एक मेसेज पडतो. आईबाबा आले असतील तर त्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, ग्लिमेपिराइड किंवा त्याच्याच जातीचं ग्लिक्लाझाइड लिहिलंय का बघा, असेल तर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आजच त्यांच्या डॉक्टरला फोन करून विचारा, भारतात आत्ता सकाळ आहे. मागच्या वर्षी अकरा फोटो आले. सात पुढच्या बाजूचे होते.